डोळा गेला, खोबण आकसली, आता नकली डोळा बसेल का? : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी विदर्भातल्या ग्रामीण रुग्णालयाच्या डोळ्यांच्या ओपीडीत काम करतो. ऑपरेशन सर्जन करतात, मी पेशंटला त्याच्या आधी आणि नंतर पाहतो, आणि बाहेर बाकावर बसलेली माणसं जे विचारतात ते बहुतेक हेच असतं. लाइनीत उभं राहून एवढं सगळं सांगणं होत नाही म्हणून लिहून काढलंय. तुमच्या ओळखीत कोणी एका डोळ्यावर कायमची पट्टी किंवा काळा चष्मा लावून फिरत असेल तर त्यालाही वाचून दाखवा.

प्र. डोळा तर कधीच काढला, आता खोबणीचं ऑपरेशन कायले?

नकली डोळा नुसता आत ठेवला की बसला असं होत नाही. त्याला टेकायला जागा लागते. वरच्या आणि खालच्या पापणीच्या मागे ओल्या गुलाबी कातडीची एक खोल घडी असते, नकली डोळ्याच्या कडा त्या दोन घड्यांत अडकून राहतात. ही घडी भरून आली, आकसली, किंवा आतलं मांस कमी होऊन खड्डा पडला तर डोळा एकतर बसतच नाही, नाहीतर शिंकलं की बाहेर पडतो, नाहीतर बसतो पण पापणी मिटत नाही आणि नजर वर लागल्यासारखी दिसते. खोबणीचं ऑपरेशन म्हणजे ही जागा परत तयार करणं. डॉक्टर याला सॉकेट रिकन्स्ट्रक्शन म्हणतात, चिठ्ठीवर ते लिहिलेलं दिसलं तर घाबरू नका.

काही जण म्हणतात, हे सगळं सुंदर दिसण्यासाठी आहे, गरीबाला काय करायचं. मला हे पटत नाही. आकसलेल्या खोबणीत पाणी साचतं, चिपडं येतात, वास येतो, पापणीचे केस आत वळून टोचतात. आणि चेहरा झाकून जगणं हे काही कमी दुखणं नाही.

प्र. डोळा काढला तेव्हाच डॉक्टरनं आत गोळा टाकला म्हणाले. मग अजून एक डोळा कोणता?

हा घोळ सगळ्यांचाच होतो. वस्तू दोन आहेत. एक म्हणजे आत खोल पुरलेला गोल इम्प्लांट, साधारण १८ ते २२ मिलिमीटरचा, अ‍ॅक्रिलिकचा, सिलिकॉनचा किंवा बारीक छिद्रं असलेल्या पॉलिथिलीनचा. तो कातडीच्या आड असतो, दिसत नाही, काढायचा नसतो. गेलेल्या डोळ्याची जागा भरून ठेवणं आणि डोळ्याच्या स्नायूंना धरायला काहीतरी देणं हे त्याचं काम. दुसरी वस्तू म्हणजे वरून बसवायचा नकली डोळा, ज्याच्यावर बुबुळ रंगवलेलं असतं. तो पातळ कवचासारखा असतो आणि काढता-घालता येतो. पूर्वी डोळा काढला की गोळा न टाकताच शिवून टाकायचे, असे जुने पेशंट आजही येतात, खोबण खोल गेलेली असते आणि वरच्या पापणीखाली खड्डा पडलेला असतो. त्यांना आता नंतरसुद्धा गोळा टाकता येतो.

प्र. खोबण आकसते काहून?

सगळ्यात मोठं कारण, आणि टाळता येण्यासारखं कारण, म्हणजे ती रिकामी ठेवणं. डोळा काढल्यावर टाके घातल्याबरोबर सर्जन आत एक प्लास्टिकची पारदर्शक वाटी ठेवतात, कन्फॉर्मर म्हणतात तिला, नकली डोळा येईपर्यंत घड्या उघड्या राहाव्यात म्हणून. बरेच पेशंट ती पडली की फेकून देतात, किंवा घरी कोणीतरी म्हणतं काढून टाक खुपत असेल तर, मग सोयाबीन निघते, कापूस वेचणी येते, लग्नसराई येते, आणि माणूस पुढच्या वर्षी उगवतो तोपर्यंत कातडी आखडलेली असते. म्हणून डोळा काढला असेल तर खोबण रिकामी ठेवू नका, वाटी असो की डोळा, आत काहीतरी राहिलं पाहिजे.

बाकी कारणं म्हणजे केमिकलनं भाजणं, जुना पू झालेला जखमेचा डोळा, कॅन्सरसाठी दिलेले शेक म्हणजे रेडिएशन, आत टाकलेला गोळा बाहेर येणं, आणि एकाच जागी झालेली पुन्हा पुन्हा ऑपरेशनं. ज्याचा लहानपणी डोळा गेला आणि काहीच बसवलं नाही त्याची तर हाडाची खोबणच छोटी राहते.

प्र. आमच्या लेकराच्या डोळ्यात चुना गेला होता, डोळा गेला. अशा डोळ्याचं काही होते का?

होते, पण हे सगळ्यात अवघड केसांपैकी एक आहे हे आधीच सांगतो. आपल्याकडे घरोघरी चुन्याच्या डब्या, पुड्या, प्लास्टिकच्या ट्यूब पडलेल्या असतात, पोट्टं ती ट्यूब दाबून पाहते आणि चुना सरळ डोळ्यात उडतो. चुना अल्कली आहे, तो वरच्या वर भाजून थांबत नाही, आत आत शिरत जातो. त्यामुळे डोळाही जातो आणि पापणीच्या मागची ओली कातडीही जळून एकमेकीला चिकटते. अशा खोबणीत नकली डोळा बसवायचा तर आधी चिकटलेलं सोडवून नवीन कातडी लावावी लागते, आणि कधी कधी एका ऑपरेशननं भागत नाही.

आता कोणाच्या घरी असं झालंच तर हे करा: त्याच क्षणी पापण्या उघड्या धरून स्वच्छ पाण्याची धार सोडा, माठातलं असो की नळाचं, कमीत कमी अर्धा तास. पापणीखाली चुन्याचा कण दिसला तर ओल्या स्वच्छ फडक्याच्या टोकानं काढा. तूप नाही, दूध नाही, लिंबू तर अजिबातच नाही. मग दवाखाना. आधी गाडी शोधत बसू नका, आधी पाणी. आणि चुना पोराच्या हाताला लागेल असा ठेवू नका, हे मी प्रत्येक घरात जाऊन सांगायला तयार आहे.

प्र. डोळा आहे, पण फुटून बारीक झाला, पांढरा पडला. तो काढावाच लागते का?

नाही, दरवेळी नाही. तुरीचं खुंट लागलं, बाभळीचा काटा गेला, थ्रेशरमधून कण उडाला, विटी लागली, असे डोळे पुष्कळदा आतल्या आत सुकून लहान होतात. दुखत नसेल आणि सोनोग्राफीत आत गाठ वगैरे काही नसेल तर त्या बारीक डोळ्यावरच पातळ नकली डोळा चढवता येतो, ऑपरेशनशिवाय, आणि तो हलतोही छान कारण खाली तुमचाच डोळा असतो. दुखत असेल, सतत लाल असेल, गाठीचा संशय असेल तर मग काढायचा विषय येतो. काढायच्याही दोन पद्धती आहेत, एकात पांढरं कवच ठेवून आतला माल काढतात, दुसऱ्यात पूर्ण डोळा काढतात. कॅन्सरचा संशय असला तर पूर्णच काढतात.

प्र. मला ऑपरेशन लागेल की नुसता डोळा बदलून भागेल, हे कसं कळेल?

तपासल्याशिवाय कोणीच सांगू शकत नाही, फोटो पाठवून तर नाहीच. तरी साधारण अंदाज सांगतो. डोळा पूर्वी नीट बसत होता आणि आता सैल झाला असेल, किंवा वरची पापणी थोडी पडली असेल, तर कारागीर नवीन मापाचा डोळा बनवून किंवा जुन्याला भर देऊन बरंच सुधारू शकतो. खालची पापणी ढिली होऊन डोळा घसरत असेल तर तेवढी पापणी बाहेरच्या कोपऱ्याशी ताणून घट्ट करतात, ते छोटं ऑपरेशन आहे. घडी बुजली असेल, डोळा आत जातच नसेल, किंवा आतला गोळा कातडी फाडून डोकावत असेल तर मोठं ऑपरेशन.

एक गोष्ट बरेच जण करतात ती म्हणजे सैल झाला म्हणून मोठा, अजून मोठा डोळा घालत जाणं. जड डोळ्यानं खालची पापणी अजून लोंबते आणि खोबण अजून बिघडते.

प्र. चष्म्याच्या दुकानात रेडीमेड डोळा मिळते, तो घातला तर?

काहीच नसण्यापेक्षा थोड्या दिवसांसाठी बरा, एवढंच. रेडीमेड डोळा ठरावीक मापाचा असतो, तुमची खोबण ठरावीक मापाची नसते. मधे पोकळी राहते, तिथे पाणी आणि घाण साचते, कडा टोचतात. स्वस्त असतो हे खरं, पण जमत असेल तर मापाचाच बनवून घ्या.

प्र. ऑपरेशनमध्ये नेमकं काय करतात? ओठाची कातडी काढतात म्हणे?

हो, आणि त्यात भ्यायचं काही नाही. डोळ्याच्या खोबणीला बाहेरची कोरडी कातडी चालत नाही, ओली कातडी लागते, आणि तशी कातडी तोंडात असते. म्हणून खालच्या ओठाच्या आतून किंवा गालाच्या आतून एक तुकडा काढतात, गरजेपेक्षा थोडा मोठाच, कारण लावल्यावर तो आकसतो. खोबणीतले चिकटलेले पट्टे कापून मोकळे करतात, तुकडा तिथे शिवतात, घडी खोल राहावी म्हणून टाके आतून हाडाच्या कडेपर्यंत नेऊन बांधतात आणि आत वाटी ठेवतात. पुष्कळदा दोन्ही पापण्या मधे टाका घालून काही आठवडे मिटून ठेवतात म्हणजे आतलं हलणार नाही. थोडंच आकसलं असेल तर कधी कातडी न लावता नुसते घडीचे टाके पुरतात. काही ठिकाणी बाळंतपणातल्या वारेचा पातळ पडदाही वापरतात, पण जास्त आकसलेल्या खोबणीला तो एकटा पुरत नाही.

ओठाची जखम बहुतेक उघडीच सोडतात, ती २ ते ३ आठवड्यांत आपोआप भरते. तोवर तिखट बंद, वरण-भात, खिचडी, दूध, थंड ताक, आणि सांगितलेल्या औषधानं गुळण्या. आपल्याकडे बिनतिखटाचं जेवण म्हणजे शिक्षाच वाटते हे मला माहीत आहे, पण तेवढे दिवस काढा.

प्र. मी खर्रा खातो. चालते का?

हे कोणी विचारत नाही, मीच विचारतो, आणि म्हणून इथे मुद्दाम मोठं लिहितोय.

खर्रा म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुना घोटलेला. त्यातल्या सुपारीनं तोंडाच्या आतली कातडी पांढरी, कडक, दोरीसारखी होते, तोंड उघडायचं कमी होतं, दोन बोटंही जात नाहीत. या रोगाला सबम्यूकस फायब्रोसिस म्हणतात आणि विदर्भात खर्ऱ्यामुळे तो तरुण पोरांमध्ये सर्रास दिसतो. आता वर वाचलं ना की खोबणीसाठी कातडी तोंडातून घेतात, तर तोंडातली कातडीच अशी झाली असेल तर घ्यायची कुठून? ती खोबणीत लावली तरी मऊ राहत नाही, आणि जिथून काढली तिथली जखम भरताना तोंड अजून आखडतं. शिवाय तोंड उघडत नसेल तर भूल देताना नळी टाकायलाही अडचण येते, म्हणजे ऑपरेशनचा धोकाच वाढतो. तंबाखू आणि बिडीनं रक्ताच्या बारीक नळ्या आवळतात, नवीन लावलेल्या कातडीला किंवा चरबीला रक्त मिळालं नाही तर ती सडते.

म्हणून सर्जनला खरं सांगा. किती वर्षं खाता, दिवसाला किती पुड्या, लपवू नका, तिथे कोणी रागवायला बसलेलं नाही, त्यावरून कातडी कुठून घ्यायची ते ठरतं. आणि ऑपरेशन ठरलं की त्याच दिवसापासून खर्रा बंद करा, नंतरही चालू करू नका. बायका मिश्री लावतात, गुडाखू घासतात, त्याही यातच आल्या.

प्र. कुल्ल्याची चरबी डोळ्यात लावतात हे खरं आहे का?

खरं आहे. आत खड्डा जास्त असेल आणि कातडीही कमी असेल तर कुल्ल्याच्या बाहेरच्या भागातून वरची साल सोलून खालची कातडी चरबीसकट एकाच तुकड्यात घेतात आणि खोबणीत बसवतात. खड्डाही भरतो आणि वर ओली कातडी पसरायला आधारही मिळतो. चरबी थोडी विरघळते, कोणाची जास्त कोणाची कमी. लहान मुलांत मात्र ती मुलाबरोबर वाढू शकते, हा मोठा फायदा आहे. साखर जास्त असलेल्या, खूप तंबाखू खाणाऱ्या किंवा शेक घेतलेल्या पेशंटमध्ये ती टिकायला अवघड जाते. थोडे दिवस बसायला आणि मोटरसायकलवर यायला त्रास होईल.

प्र. किती दिवस ऑपरेशन, किती दिवस आराम? डवरणीच्या आधी होईन का?

ऑपरेशन साधारण एक ते अडीच तास, बहुतेक पूर्ण भूल देऊन. दवाखान्यात काही दिवस. दाबाची पट्टी साधारण आठवडाभर ठेवतात, ती घरी सोडून पाहायची नाही. सूज आणि निळेपणा पहिले दोन आठवडे. नकली डोळ्याचं माप घ्यायला साधारण ६ ते ८ आठवडे थांबतात, सूज पूर्ण उतरल्याशिवाय माप घेतलं तर डोळा नंतर सैल होतो.

वावराच्या कामाचं म्हणाल तर निदान महिना-दीड महिना धूळ, वाकून ओझं उचलणं, फवारणी यापासून लांब राहावं लागतं. म्हणून मी लोकांना सांगतो की हंगामाचा हिशोब आधी करा, पेरणीच्या तोंडावर तारीख घेऊन मग आलोच नाही असं करू नका. फक्त एक अपवाद आहे. आतला गोळा उघडा पडला असेल, पू येत असेल, किंवा कॅन्सर असेल तर हंगाम पाहायचा नाही, लगेच जायचं.

प्र. आतली प्लास्टिकची वाटी पडली तर?

घाबरायचं नाही, फेकायची नाही. हात साबणानं धुवा, वाटी उकळून गार केलेल्या पाण्यानं धुवा, आणि शिकवलं असेल तर परत घाला, आधी वरच्या पापणीखाली सरकवायची मग खालची पापणी खाली ओढून आत घ्यायची. जमत नसेल तर स्वच्छ डबीत ठेवून त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी दवाखान्यात जा. पुढच्या सोमवारी जाऊ असं नको. कातडी लावलेल्या खोबणीत तर दोन-चार दिवससुद्धा खूप होतात.

प्र. नकली डोळा बनवते कोण? आम्हाला दातांच्या कॉलेजात पाठवलं, चुकून तर नाही ना?

चुकून नाही. डोळा बनवणाऱ्या माणसाला ऑक्युलरिस्ट म्हणतात, पण ते मोठ्या शहरांतच भेटतात. बाकी ठिकाणी हे काम दातांच्या कॉलेजातला प्रोस्थोडोन्टिक्स विभाग करतो, म्हणजे जे कवळी बनवतात तेच. याला इतिहास आहे. काचेचे चांगले डोळे पूर्वी जर्मनीतून यायचे, दुसऱ्या महायुद्धात ते बंद झाले आणि अमेरिकन सैन्यातल्या दंतवैद्यांनी कवळीच्या अ‍ॅक्रिलिकपासून डोळे बनवायला घेतले. तेव्हापासून नकली डोळा बहुतेक अ‍ॅक्रिलिकचाच असतो, आपण सवयीनं काचेचा म्हणतो तेवढंच.

आधी खोबणीचं माप मऊ मसाल्यात घेतात, त्यावरून मेणाचा डोळा करून घालून पाहतात, पापणी कशी मिटते ते बघतात, मग तुमच्या चांगल्या डोळ्याकडे पाहत बुबुळ हातानं रंगवतात, पांढऱ्या भागावर लाल रेशमाचे धागे ठेवून बारीक शिरा दाखवतात. दोन-तीन वेळा जावं लागतं. घाई करू नका, रंग पाहताना खिडकीजवळ दिवसाच्या उजेडात पाहा आणि नाही जुळला तर स्पष्ट सांगा.

प्र. त्यातून दिसेल का? आणि नेत्रदानातला डोळा बसवता येत नाही का?

नकली डोळ्यातून दिसत नाही, कोणी दिसेल म्हणून पैसे मागत असेल तर तो फसवतोय. नजर यावी म्हणून नेत्रदानातून फक्त समोरची काच म्हणजे कॉर्निया वापरतात, आणि त्यासाठी मागचा डोळा जिवंत लागतो. २०२३ मध्ये न्यूयॉर्कला एका माणसाला चेहऱ्याच्या भागासोबत पूर्ण डोळा बसवला, जगात पहिल्यांदाच, डोळा जगला पण त्यातून दिसायला लागलं नाही.

प्र. डोळा हलते का? लोकाले कळते का?

आत गोळा चांगला बसला असेल तर थोडा हलतो. समोर बसून बोलताना बहुतेकांना कळत नाही, एकदम बाजूला नजर फिरवली की कळतं. म्हणून बाजूला पाहताना डोळ्यांऐवजी मान वळवायची सवय लावा, ती तशीही लागतेच, कारण त्या बाजूचं दिसत नसतं. जळालेल्या, दोन-तीनदा ऑपरेशन झालेल्या खोबणीत डोळा जवळपास हलत नाही. किंचित रंगीत काचेचा चष्मा लावला तर फरक बराच झाकला जातो.

प्र. लेकरू लहान आहे. मोठं झाल्यावर करू म्हटलं तर?

नको. हे एवढं एक ऐका. लेकराच्या चेहऱ्याची हाडं पहिल्या ५ वर्षांत झपाट्यानं वाढतात, आणि खोबणीचं हाड वाढायला आत काहीतरी भरलेलं असावं लागतं. रिकामी ठेवली तर ती बाजू लहान राहते आणि मोठेपणी नाक-गाल सगळं तिरपं दिसतं, मग ते दुरुस्त करणं फार कठीण. जन्मतःच डोळा नसलेल्या किंवा अगदी बारीक डोळा असलेल्या बाळाला तर पहिल्या काही आठवड्यांतच छोटी वाटी घालायला सुरुवात करतात आणि दर थोड्या आठवड्यांनी मोठी करत नेतात. आई-बापाला फेऱ्या फार होतात, मजुरी बुडते, मला दिसतं ते, पण हा काळ गेला की परत येत नाही.

आणि एक. लहान मुलाच्या डोळ्यात मांजरासारखी पांढरी चमक दिसली, मोबाइलच्या फ्लॅश फोटोत एका डोळ्यात लाल ऐवजी पांढरं आलं, तर तो रेटिनोब्लास्टोमा नावाचा कॅन्सर असू शकतो. बाहेरचं घालवायला नेऊ नका, झाडपाला टाकू नका, सरळ मोठ्या दवाखान्यात न्या. डोळा काढावा लागला तर काढू द्या, लेकरू वाचतं, आणि नंतर नकली डोळा छान बसतो. भावंडांचेही डोळे तपासून घ्या. अंगणवाडीत आणि शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची टीम येते, त्यांना दाखवलं तर पुढची चिठ्ठी मिळते.

प्र. कोरोनात काळी बुरशी झाली, डोळ्यासकट सगळंच काढलं. त्याला हा डोळा बसेल का?

२०२१ मध्ये नागपूरला असे खूप पेशंट आले, साखर वाढलेली, स्टेरॉइड घेतलेले. ज्यांची पापणीसकट पूर्ण खोबण काढली त्यांना साधा नकली डोळा बसत नाही कारण धरायला पापणीच नसते. त्यांच्यासाठी सिलिकॉनचा तुकडा बनवतात, डोळा, पापणी, आजूबाजूची कातडी सगळं त्यात असतं, तो चिकटवतात, चष्म्याला जोडतात किंवा हाडात खुंट्या बसवून लोहचुंबकानं धरतात. त्याची पापणी मिटत नाही आणि ऊन लागून काही काळानं रंग उडतो, हे आधी माहीत असलेलं बरं. पापण्या ठेवल्या असतील तर मात्र पर्याय वाढतात, सर्जनला दाखवा. टाळूही काढली असेल तर प्रोस्थोडोन्टिक्सवाले दोन्हीचा मिळून विचार करतात.

प्र. याच्यामुळे दुसरा डोळा जाईन का?

खोबणीच्या ऑपरेशननं किंवा नकली डोळ्यानं दुसऱ्या डोळ्याला काही होत नाही. फुटलेल्या डोळ्यामुळे मात्र फार क्वचित दुसऱ्या चांगल्या डोळ्यात सूज येऊ शकते, शरीर स्वतःच्याच डोळ्याविरुद्ध लढायला लागतं. म्हणून जखमेनंतर चांगला डोळा लाल झाला, उजेड सहन होईना, धूसर दिसायला लागलं तर एक दिवस थांबायचं नाही, औषधानं आवरता येतं.

खरा धोका वेगळाच आहे, तो म्हणजे उरलेल्या एकाच डोळ्याला मार लागणं. पॉलिकार्बोनेटच्या काचांचा चष्मा रोज लावा, नंबर नसला तरी. थ्रेशरवर, पऱ्हाटी उपटताना, फवारणीला, बैल धरताना, वेल्डिंगजवळ तर लावल्याशिवाय उभंच राहू नका. वर्षातून एकदा त्या डोळ्याची तपासणी, दाब आणि पडद्यासकट.

प्र. खर्च कसा जमवायचा?

ऑपरेशनसाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना पाहा, आता ५ लाखांपर्यंत कव्हर आहे. रेशन कार्ड आणि आधार घेऊन दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला भेटा, आणि नुसतं "डोळ्याचं ऑपरेशन" असं सांगू नका, चिठ्ठीवर लिहिलेलं पूर्ण नाव दाखवून ते पॅकेजमध्ये बसतं का आणि त्याच दवाखान्यात होतं का ते विचारा. वरून बसवायच्या डोळ्याचे पैसे ऑपरेशनमध्ये धरलेत का हे वेगळं विचारा, बरेचदा ऑपरेशन फुकट होतं आणि डोळ्याशी येऊन माणूस अडकतो. दातांच्या सरकारी कॉलेजात तो कमी खर्चात होतो.

प्र. जायचं कुठं?

सुरुवात जिल्हा रुग्णालयाच्या डोळ्यांच्या ओपीडीपासून. पुढे नागपूरला मेडिकल (शासकीय वैद्यकीय महाविद्यालय), मेयो (इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय), मिहानमधलं एम्स, वर्धेकडे सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय आणि सावंगी मेघेचं विनोबा भावे रुग्णालय. डोळा बनवायला नागपूरचं शासकीय दंत महाविद्यालय. चंद्रपूर-गडचिरोलीकडच्यांना बल्लारशावरून रेल्वेनं हैदराबाद सोपं पडतं, तिथल्या एल. व्ही. प्रसाद नेत्र संस्थेत ऑक्युलोप्लास्टीही (म्हणजे पापणी-खोबणीची ऑपरेशनं) आहे, डोळा बनवायचा विभागही आहे आणि गरीब पेशंटला मोफतची सोयही आहे, फक्त आपल्या राज्याची योजना तिथे चालेल असं धरून जाऊ नका. कुठेही जाण्याआधी फोन करून "ऑक्युलोप्लास्टीचे डॉक्टर कोणत्या वारी बसतात" एवढं विचारा. मोतीबिंदूचे डॉक्टर चांगलेच असतात पण हे काम वेगळं आहे.

प्र. बसवल्यावर रोज काढून धुवायचा का?

रोज नको, पुन्हा पुन्हा काढल्यानं उलट खाज आणि चिपडं वाढतात. त्रास नसेल तर काही आठवड्यांनी एकदा काढा, साध्या साबणानं आणि स्वच्छ पाण्यानं बोटांनीच चोळून धुवा. रात्री झोपताना काढायची गरज नाही. स्पिरिट, सॅनिटायझर, डेटॉल, उकळतं पाणी यापैकी काहीच लावायचं नाही, अ‍ॅक्रिलिकला तडे जातात. आपल्या एप्रिल-मेच्या ४५ डिग्रीत आणि जिनिंगच्या धुळीत डोळा कोरडा पडतो, त्यासाठी डॉक्टरांना विचारून ओलावा देणारे थेंब ठेवा. पुसताना नाकाच्या दिशेनं पुसा, बाहेरच्या बाजूला ओढून पुसलं तर डोळा निघून येतो. वर्षातून एकदा पॉलिश, साधारण ५ वर्षांनी नवीन, लेकरांना त्याहून लवकर. हिरवं-पिवळं पाणी, रक्त, वास, किंवा आत पांढरा गोळा दिसला तर लगेच दाखवा.

प्र. अपंगत्वाचं सर्टिफिकेट मिळते का?

केंद्राच्या मोजणीनुसार एक डोळा पूर्ण गेला आणि दुसऱ्याची नजर चांगली असेल तर ३० टक्के धरतात. बहुतेक सवलतींना ४० टक्के लागतात, म्हणून नुसत्या एका डोळ्यावर फारसं मिळत नाही. दुसऱ्या डोळ्याची नजरही कमी असेल तर टक्के वाढतात. नकली डोळा बसवल्यानं टक्के कमी होतात अशी अफवा आहे, ती खोटी आहे, मोजतात ती नजर.

प्र. पोरीचं लग्न जमवायचं आहे, सांगायचं का?

सांगा. लपवून केलेल्या लग्नात पोरीलाच त्रास होतो. आणि तिच्या तोंडावर "काणी" म्हणणाऱ्याला, तो घरचा असला तरी, गप्प करा.

प्र. एकदा केलं, परत आकसलं. आता पुन्हा होईल का?

होऊ शकतं. भाजलेल्या आणि शेक दिलेल्या खोबणी परत आकसतात, त्यात सर्जनची चूक असतेच असं नाही, जिथे रक्तच कमी तिथे कातडी टिकायला जड जातं. दुसऱ्यांदा करताना साधारण ६ महिने थांबतात म्हणजे जुने व्रण मऊ होतात. तोवर जी काही वाटी बसते ती, अगदी छोटी का होईना, आत ठेवा. दुसऱ्यांदा जाताना पहिल्या ऑपरेशनचं डिस्चार्ज कार्ड, आत गोळा टाकला असेल तर त्याचं स्टिकर, डोळा काढला तेव्हाचा तपासणीचा रिपोर्ट, साखरेची ताजी तपासणी, जुना नकली डोळा (बसत नसला तरी), आणि डोळा जायच्या आधीचा एखादा समोरून काढलेला फोटो एवढं पिशवीत घ्या. फोटो नसेल तर लग्नाच्या अल्बममध्ये शोधा, पापणी मुळात किती उघडी होती हे सर्जनला त्यावरूनच कळतं.